जुहू ते मुंबई हाय आणि परत: ऑफशोअर हेलिकॉप्टरच्या इंधनाचे गणित कसे मांडावे

मुंबईच्या जुहू विमानतळावरून समुद्रातील तेलक्षेत्राकडे जाणाऱ्या हेलिकॉप्टरवर सहवैमानिक म्हणून रुजू झालो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी एका ज्येष्ठ कॅप्टनना विचारले होते की, टाकी काठोकाठ भरूनच का निघत नाही. त्यांनी उत्तर दिले नाही. वजनाचा तक्ता माझ्यापुढे सरकवला आणि भरलेल्या टाकीसह किती प्रवासी बसतात ते काढायला सांगितले. बारा आसनांच्या हेलिकॉप्टरमध्ये उत्तर आले सहा. त्या सकाळी मॅनिफेस्टवर, म्हणजे प्रवाशांच्या यादीवर, अकरा नावे होती.

हा लेख नव्याने ऑफशोअर उड्डाणांकडे वळलेल्या वैमानिकांसाठी आणि डिस्पॅचच्या, म्हणजे उड्डाण-नियोजनाच्या, टेबलावर नुकत्याच बसलेल्यांसाठी आहे. परीक्षेची सूत्रे तुम्हाला येत असतात. ती पहाटे साडेपाचला, पाऊस पडत असताना आणि प्रवासी तराजूपाशी रांगेत उभे असताना कोणत्या क्रमाने वापरायची, हे कोणी नीट सांगत नाही. खाली मी एकच उदाहरण शेवटपर्यंत चालवले आहे. त्यातील इंधनखप, वेग आणि वजने हिशेब सोपा व्हावा म्हणून धरलेली आहेत. खरे आकडे तुमच्या हेलिकॉप्टरच्या फ्लाइट मॅन्युअलमधूनच घ्यावेत, आणि नियमांच्या बाबतीत डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची) ताजी आवृत्ती व तुमच्या ऑपरेटरचे ऑपरेशन्स मॅन्युअल यांचाच शब्द अखेरचा मानावा.

१. टेबलावर आधी काय मांडावे

गणित सुरू करण्यापूर्वी पुढील कागद हाताशी असू द्यावेत:

- फ्लाइट मॅन्युअलमधील इंधनखपाचे आणि एका इंजिनावरील कामगिरीचे तक्ते
- जुहू, सांताक्रूझ आणि अल्टरनेटचे (उतरण्याच्या पर्यायी ठिकाणाचे) मेटार (सध्याचे हवामान) व टॅफ (हवामानाचा अंदाज), वरच्या हवेतील वाऱ्यांचा नकाशा, नोटॅम (वैमानिकांसाठीच्या सूचना)
- डेकची (समुद्रात हेलिकॉप्टर उतरण्याच्या जागांची) अक्षांश-रेखांशासह यादी, आणि त्या यादीची तारीख
- प्रत्यक्ष तोललेल्या वजनांसह प्रवाशांचे मॅनिफेस्ट, लोड ॲण्ड ट्रिम शीट (वजन आणि तोलाचा तक्ता)
- टेक लॉग (हेलिकॉप्टरची तांत्रिक नोंदवही), त्यात शिल्लक इंधन आणि बंद असलेली उपकरणे
- फ्यूएल लॉगचा कोरा कागद आणि पेन्सिल

संगणकावर सगळे निघते, तरी पेन्सिल ठेवावीच. कारण सातव्या पायरीत येईल.

२. अंतर स्वतः मोजावे

मुंबई हाय हे क्षेत्र किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर, म्हणजे ८५ ते ९० सागरी मैलांवर आहे. पण ‘मुंबई हाय’ नावाचा एकच डेक नाही. कायमचे प्लॅटफॉर्म आहेत, बार्जेस आहेत, आणि पाय रोवून उभ्या राहणाऱ्या जॅक-अप रिग आहेत, ज्या एका विहिरीचे काम संपले की पाय वर घेऊन दुसरीकडे जातात. माझ्या पहिल्या वर्षी टेबलावरच्या यादीत एका रिगची जागा जुनीच राहिली होती. रिग आठवडाभरापूर्वी हलली होती, आणि खरे अंतर आम्ही धरलेल्या अंतरापेक्षा ११ मैलांनी जास्त निघाले. रेडिओ रूमशी बोलताना कॅप्टनने सहज जागा विचारली म्हणून ते वेळेत कळले. जाऊन-येऊन २२ मैल म्हणजे आपल्या उदाहरणातील हेलिकॉप्टरला दहा मिनिटे, सुमारे ६५ किलो इंधन. तेव्हापासून रिगची जागा मी निघण्यापूर्वी त्याच दिवशी विचारून घेतो, यादी कितीही ताजी दिसली तरी.

उदाहरणासाठी अंतर ९० सागरी मैल धरू.

३. वारा दोन्ही बाजूंनी मांडावा

आपल्या हेलिकॉप्टरचा हवेतील खरा वेग १३५ नॉट (ताशी सागरी मैल) आणि इंधनखप ताशी ४०० किलो आहे असे समजा. पावसाळ्यात पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्याचा समोरील घटक १५ नॉट आहे. जाताना ग्राउंड स्पीड, म्हणजे जमिनीच्या संदर्भातील वेग, १२०, येताना १५०. जाण्यास ४५ मिनिटे, येण्यास ३६, एकूण ८१. वारा नसता तर दोन्हीकडे ४०-४० मिनिटे लागून ८० झाली असती.

नवखे लोक हा एका मिनिटाचा फरक पाहतात आणि ‘जाताना गेले ते येताना परत मिळाले’ असे म्हणतात. प्रत्यक्षात ते पूर्ण परत कधीच मिळत नाही, कारण समोरच्या वाऱ्यात तुम्ही अधिक वेळ घालवता आणि मागच्या वाऱ्यात कमी. आणि जाण्या-येण्याची बेरीज जवळपास तीच राहिली, तरी डेकवर पोहोचताना टाकीत किती उरले आहे, हे मात्र बरेच बदलते. वारा १५ ऐवजी ३० नॉट निघाला, तर जाण्यासच ५१ मिनिटे लागतात.

इथे उंचीचा विचारही करावा. जून ते सप्टेंबर या काळात नैऋत्य मोसमी वाऱ्याचा झोत समुद्रसपाटीपासून साधारण दीड किलोमीटर, म्हणजे ५००० फुटांच्या आसपास सर्वांत जोरकस असतो. ढगांचा तळ आणि एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रण) परवानगी देत असतील, तर जाताना खालून जाणे आणि येताना वर चढून येणे फायद्याचे ठरते. वेगाचेही तसेच आहे: समोरून वारा असताना सर्वाधिक पल्ल्याचा वेग थोडा वाढवावा लागतो, मागून असताना थोडा कमी केला तरी चालतो. सर्वाधिक वेळ हवेत राहण्याचा वेग याहून बराच कमी असतो. होल्डिंगसाठी, म्हणजे घिरट्या घालत थांबण्यासाठी, तो; प्रवासासाठी नव्हे.

४. इंधनाचे हप्ते एकाखाली एक लिहावेत

एकच मोठा आकडा काढण्याची सवय लागू देऊ नये. प्रत्येक हप्ता कशासाठी आहे हे कागदावर दिसले पाहिजे, म्हणजे हवेत असताना कोणता हप्ता मोडला जात आहे हे कळते.

- इंजिन सुरू करणे आणि टॅक्सी: ३० किलो
- जाणे, ४५ मिनिटे: ३०० किलो
- डेकवर पंखा फिरता ठेवून १० मिनिटे: ५० किलो
- परत येणे, ३६ मिनिटे: २४० किलो
- कंटिन्जन्सी (अनपेक्षित जादा खपासाठी), जाणे, डेक आणि येणे या तीन हप्त्यांच्या १० टक्के: सुमारे ६० किलो
- जुहूहून अल्टरनेट: पुढील पायरीत
- फायनल रिझर्व (शेवटचा, न मोडायचा राखीव साठा), ३० मिनिटे होल्डिंग: १७० किलो

आयसीएओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या) सहाव्या परिशिष्टातील हेलिकॉप्टरविषयक भागात इन्स्ट्रुमेंट उड्डाणासाठी (उपकरणांच्या आधारे होणाऱ्या उड्डाणासाठी) ४५० मीटर, म्हणजे १५०० फूट उंचीवर ३० मिनिटे होल्डिंग करता येईल इतके फायनल रिझर्व सांगितले आहे. दृश्य उड्डाणासाठी सर्वाधिक पल्ल्याच्या वेगाने २० मिनिटे. कंटिन्जन्सीसाठी समुद्रासारख्या प्रतिकूल प्रदेशावर १० टक्के धरण्याचा युरोपीय प्रघात मला योग्य वाटतो. मॅन्युअलमध्ये याहून अधिक सांगितले असेल तर अधिक घ्यावे.

डेकवरच्या १० मिनिटांवर विश्वास ठेवू नये, हे माझे वैयक्तिक मत. क्रेन खाली बसलेली नसते, शेजारच्या डेकवर दुसरे हेलिकॉप्टर असते, परतीच्या प्रवाशांपैकी एकाचे लाइफ जॅकेट बदलावे लागते. मी १५ धरतो आणि बहुतेक वेळा ते पुरतात.

५. अल्टरनेट: इथेच सर्वाधिक चुका होतात

जुहूच्या जवळचा मोठा विमानतळ म्हणजे सांताक्रूझ. दोन्हींमध्ये काही किलोमीटरचेच अंतर आहे. जुहूची दृश्यमानता घसरली तर सांताक्रूझला आयएलएसवर (धावपट्टीकडे नेणाऱ्या रेडिओ मार्गदर्शनावर) उतरता येईल, हा विचार मोहक आहे, आणि कागदावर अल्टरनेटचे इंधन ४० किलोंत संपते. वरील बेरजेत ते मिळवले की एकूण ८९० किलो होतात.

पण जुहूवर जो ढग फुटतो तोच पाच मिनिटांत सांताक्रूझवर असतो. आयएलएस असले म्हणून मर्यादेखालच्या दृश्यमानतेत उतरता येत नाही. शिवाय धावपट्टीवर एखादे विमान अडकले आणि डझनभर जेट विमाने वर घिरट्या घालू लागली, तर त्या रांगेत तुमचा क्रमांक कितवा लागेल याचा अंदाज करा. जवळचा अल्टरनेट फक्त एकाच अडचणीवर उपाय असतो: जुहूची धावपट्टी बंद पडणे. हवामानाच्या अडचणीसाठी अल्टरनेट असा हवा, ज्याचे हवामान वेगळे असण्याची खरोखर शक्यता आहे.

दमण जुहूच्या उत्तरेला सुमारे ८० सागरी मैलांवर आहे. १३५ नॉटने तिथे जाण्यास ३६ मिनिटे, २४० किलो. दमणचे विमानतळ तटरक्षक दलाकडे आहे, त्यामुळे ते त्या दिवशी त्या वेळी उपलब्ध आहे का, हे आधी विचारून ठेवावे लागते. पुणे नकाशावर जवळ दिसते, पण पावसाळ्यात मध्ये ढगांत बुडालेला सह्याद्री असतो, आणि कमी इंधनावर घाट ओलांडण्याची योजना मी कोणालाही सुचवणार नाही.

दमण धरले की एकूण १०९० किलो. सांताक्रूझच्या योजनेपेक्षा २०० किलो जास्त. म्हणजे सामानासह दोन माणसे. पुढची सगळी ओढाताण या दोन माणसांभोवती होते.

६. वजनाशी गाठ घालावी

कमाल उड्डाणवजन ६४०० किलो आणि कर्मचाऱ्यांसह रिकामे वजन ४३०० किलो धरू. उरतात २१०० किलो. उड्डाणाच्या क्षणी टॅक्सीचे इंधन जळून १०६० किलो शिल्लक असेल, म्हणून प्रवासी आणि सामानासाठी १०४०. माणशी सामानासह ९५ किलो धरल्यास १० प्रवासी. सांताक्रूझच्या योजनेत बाराही आसने भरली असती.

अशा वेळी टेबलावर फोन येतो. चौदा दिवसांची पाळी संपवून घरी यायला निघालेली माणसे डेकवर बॅग घेऊन बसलेली असतात आणि त्यांच्या जागी जाणारे दोघे जुहूला राहणार असतात. त्यांची चिडचिड रास्त असते. तरीही निर्णय वजनकाट्याने आणि टॅफने घ्यायचा असतो. टॅफमध्ये परतीच्या वेळेस स्वच्छ हवा असेल आणि मॅन्युअल परवानगी देत असेल, तर जवळचा अल्टरनेट धरून बारा जण न्यावेत. गडगडाटी पावसाचा उल्लेख असेल तर दोघांना पुढच्या सॉर्टीत बसवावे. वाटाघाट नावांच्या यादीवर करावी, इंधनाच्या हप्त्यांवर कधीही नाही.

कमाल वजन हीदेखील वरची मर्यादा आहे. एप्रिल-मेच्या दुपारी तापमान चढले आणि वारा पडला की डेकवरून सुरक्षित उड्डाणासाठी परवानगी असलेले वजन याहून कमी निघू शकते. परतीच्या उड्डाणाचा तक्ता डेकच्या तापमानाने आणि वाऱ्याने वेगळा काढावा.

७. पीएनआर काढावा आणि तो पेन्सिलीने लिहावा

कधी कधी परतीचे इंधन न घेता निघावे लागते, कारण डेकवर इंधन मिळणार असते किंवा दुसरा डेक ऑफशोअर अल्टरनेट म्हणून धरलेला असतो. अशा उड्डाणात एक बिंदू येतो, ज्याच्या पुढे गेल्यावर किनारा इंधनाच्या आवाक्यात राहत नाही. तो पीएनआर, म्हणजे पॉइंट ऑफ नो रिटर्न.

समजा, उड्डाणाच्या क्षणी ७१० किलो इंधन आहे. फायनल रिझर्वचे १७० आणि कंटिन्जन्सीचे ६० बाजूला ठेवले की ४८० उरतात, म्हणजे ७२ मिनिटे. पीएनआरपर्यंतचा वेळ काढण्यासाठी ही ७२ मिनिटे परतीच्या ग्राउंड स्पीडने गुणावीत आणि जाण्याच्या व येण्याच्या ग्राउंड स्पीडच्या बेरजेने भागावे. ७२ गुणिले १५० भागिले २७० बरोबर ४० मिनिटे. १२० नॉटने ४० मिनिटांत ८० मैल होतात. पडताळा असा: ८० मैल परत यायला १५० नॉटने ३२ मिनिटे, ४० अधिक ३२ बरोबर ७२. डेक ९० मैलांवर आहे, म्हणजे शेवटचे दहा मैल किनाऱ्याशी संबंध तुटलेला असतो.

आता सापळा पाहा. हे गणित जुहूला नक्की उतरता येईल या गृहीतकावर उभे आहे. ती खात्री नसेल तर दमणचे २४० किलोही राखून ठेवावे लागतात. ७२ मिनिटांची ३६ होतात, पीएनआर २० मिनिटांवर, म्हणजे ४० मैलांवर येतो. त्याच हेलिकॉप्टरमध्ये, त्याच इंधनावर, केवळ किनाऱ्यावरच्या पावसामुळे निर्णयाची जागा निम्म्या अंतरावर सरकते. हे लक्षात न घेता संगणकाने दिलेला ८० हा आकडा मनात धरून बसलेले सहवैमानिक मी पाहिले आहेत; काही दिवस मी स्वतः त्यांतलाच होतो.

त्यावरचा इलाज मला सुरुवातीला सांगितलेल्या त्याच ज्येष्ठ कॅप्टनकडून मिळाला. उड्डाण चालू असताना ते मध्येच विचारत, “हं, सांग, या मिनिटाला डावे इंजिन गेले तर कुठे जाशील?” संगणकाकडे हात गेला की म्हणत, “तिकडे नको, कागदावर बघ.” कागदावर पीएनआरची वेळ, त्या वेळी टाकीत असायला हवे ते इंधन आणि पुढचे ठिकाण असे तीनच आकडे लिहिलेले असले, तर उत्तर देता येते. एक इंजिन बंद असताना वेग कमी होतो, त्यामुळे वाऱ्याचा परिणाम वाढतो, आणि बऱ्याचदा त्या वजनाला डेकवर सुरक्षितपणे उतरताच येत नाही. किनाऱ्यावरची धावपट्टीच लागते. म्हणून एका इंजिनावरच्या वेगांनी समान वेळेचा बिंदूही (जिथून पुढे जायला आणि मागे यायला सारखाच वेळ लागतो) वेगळा काढून ठेवावा.

ऑफशोअर अल्टरनेटविषयी एवढेच सांगतो: तो पीएनआरच्या पुढेच विचारात घ्यायचा असतो, तिथे एका इंजिनावर उतरण्याइतकी कामगिरी आणि हवामान हवे, आणि तो डेक तुमच्यासाठी मोकळा राहील याची पक्की हमी हवी. रेडिओवर “बघतो सर” असे उत्तर आले तर ती हमी समजू नये.

८. किलो, लिटर आणि तळाचे पाणी

योजना किलोत असते, टँकर लिटरमध्ये मोजतो. जेट ए-१ ची घनता १५ अंश सेल्सियसला लिटरमागे ०.७७५ ते ०.८४० किलो या दरम्यान असते आणि तापमान वाढले की कमी होते. १०९० किलोंसाठी ०.८० ने १३६२ लिटर होतात; प्रत्यक्ष घनता ०.७८ असेल तर तेवढ्याच लिटरमध्ये १०६२ किलोच येतात. २८ किलो, सुमारे चार मिनिटे. म्हणून घनता पावतीवरून घ्यावी आणि भरल्यानंतर गेजशी ताडून पाहावी. एककांचा गोंधळ किती दूर नेऊ शकतो हे २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ ने दाखवले: लिटरला ०.८ किलोऐवजी १.७७ हा पौंडांचा गुणक वापरला गेला आणि विमानाची दोन्ही इंजिने आकाशातच बंद पडली.

डेकवर इंधन घेणार असाल तर काचेच्या बरणीत नमुना मागावा. नुसत्या डोळ्यांनी पाहून थांबू नये, वॉटर डिटेक्टर कॅप्सूल लावावी. बरणी पूर्ण पाण्याने भरलेली असेल तर तीही निवळशंखच दिसते, कारण दोन थरांमधली रेषाच नसते.

टाकीतले सगळे इंधन इंजिनापर्यंत पोहोचते असेही समजू नये. २९ नोव्हेंबर २०१३ रोजी ग्लासगोमध्ये पोलिसांचे हेलिकॉप्टर कोसळून १० जणांचा मृत्यू झाला, तेव्हा मुख्य टाकीत ७० किलोंहून अधिक इंधन होते. पण ते पुरवठा टाक्यांत ढकलणारे ट्रान्सफर पंप बंद होते. एकूण आकड्याबरोबर पुरवठा टाकीचा आकडाही वाचण्याची सवय लावावी.

९. हवेत दर दहा मिनिटांनी नोंद करावी

वेळ, टाकीतले इंधन, ग्राउंड स्पीड. या तीन नोंदींतून खरा खप आणि खरा वारा कळतो. दोन नोंदींत योजनेपेक्षा तूट दिसली, तर तिसरीची वाट न पाहता पीएनआर नव्याने काढावा.

ठरलेल्या ठिकाणी उतरण्यावाचून पर्याय उरला नाही आणि आणखी विलंब झाल्यास फायनल रिझर्व मोडेल असे दिसले, तर एटीसीला ‘मिनिमम फ्यूएल’ कळवावे. त्याने प्राधान्य मिळत नाही, परिस्थिती समजते. सर्वांत जवळच्या सुरक्षित ठिकाणी उतरतानाही फायनल रिझर्वपेक्षा कमी उरणार असे गणित सांगत असेल, तर ‘मेडे मेडे मेडे फ्यूएल’ म्हणावे. नंतर अहवाल लिहावा लागेल या भीतीने हे शब्द गिळू नयेत.

१०. उतरल्यावर

इंजिने बंद झाल्यावर गेजवरचा आकडा लगेच टिपावा आणि योजनेतील शिल्लकीशी ताडावा. एकाच प्रकारच्या दोन हेलिकॉप्टरांचा खप सारखा नसतो. एखादे तासाला दहा-पंधरा किलो जास्त खाते आणि ते मॅन्युअलमध्ये कुठेही लिहिलेले नसते. मी प्रत्येक हेलिकॉप्टरसाठी वहीत वेगळे पान ठेवले आहे: तारीख, उंची, तापमान, वजन, प्रत्यक्ष खप. वीस-पंचवीस नोंदी झाल्या की पुढच्या योजनेत ताशी ४०० लिहायचे की ४१५, हे त्या पानावरून ठरते.